रिकामा पिंजरा

जून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला होता, मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळत होते, आणि त्या इनामाच्या आशेने लोकांच्या दारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ संस्था उभी केली. म्हाताऱ्या, लंगड्या, कोणाला नकोशा झालेल्या जनावराला मरेपर्यंत चारा-पाणी आणि छप्पर मिळावे, एवढीच तिची कल्पना होती, आणि ती मोठी होती. अर्धशतकाने परळला दुसरी कल्पना आकाराला आली. प्राण्यांवरचे क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ मध्ये मुंबईत संस्था निघाली होतीच. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावाने जनावरांच्या रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इथे जनावराने मुक्कामाला यायचे नव्हते. उपचार घेऊन, उभे राहून परत जायचे होते.

आज गावोगावी जे प्राणी-निवारे आहेत, कुठे जुना ट्रस्ट, कुठे गोशाळा, कुठे चार-सहा तरुणांनी भाड्याच्या शेडमध्ये चालवलेले केंद्र, ते या दोन्ही कल्पना एकाच कुंपणाच्या आत वागवतात. पाटी निवाऱ्याची असते, पण फोन येतो तो ‘गाडीखाली कुत्रं आलंय, लवकर या’ असा. मुक्कामाची गरज वर्षांत मोजली जाते आणि तातडीच्या उपचाराची मिनिटांत. एकाच शेडमध्ये, त्याच माणसांवर, त्याच पैशात दोन्ही बसवायचे म्हटले की मुक्काम हळूहळू सगळी जागा व्यापतो, कारण आत आलेले जनावर डोळ्यांसमोर असते आणि पुढच्या तासाला येणारे अजून कोणी पाहिलेले नसते. म्हणून या प्रकरणात मला एकच गोष्ट मांडायची आहे: निवाऱ्यातल्या तातडीच्या सेवेचा कणा म्हणजे कामाचा क्रम आणि मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा. एक्स-रे, व्हेंटिलेटर, ॲम्ब्युलन्स यांचे महत्त्व खरे, पण ते या दोन गोष्टींनंतरचे.

आधी क्रमाविषयी. अपघातातले कुत्रे आणले जाते तेव्हा सगळ्यांची नजर त्याच्या लोंबणाऱ्या पायावर खिळते. मोडलेले हाड दिसते, रक्त दिसते, कुत्रे विव्हळत असते. पण मांडीचे हाड मोडलेले कुत्रे त्या हाडाने सहसा मरत नाही. ती शस्त्रक्रिया एक-दोन दिवस थांबू शकते, बहुधा थांबवावीच लागते. जीव जातो तो न दिसणाऱ्या जागी: छातीच्या पोकळीत हवा साठून फुप्फुस मिटल्याने, पोटात रक्तस्राव झाल्याने, मूत्राशय फुटल्याने. म्हणून जाणत्या पशुवैद्यकाचा हात पायाकडे जाण्याआधी तोंडाकडे जातो. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचे आणि सोडायचे. दाबाने पांढरी पडलेली जागा निरोगी कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याहून उशीर लागला किंवा हिरडी मुळातच पांढरीफटक असली, तर रक्ताभिसरण कोलमडते आहे असे समजायचे. निळसर हिरडी श्वासाची अडचण सांगते, विटेसारखी लाल हिरडी उष्माघाताची किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाची शंका उभी करते. आपल्या गावठी कुत्र्यांत काळ्या हिरड्यांची कुत्री पुष्कळ. त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाहावा लागतो. जोडीला श्वास मोजायचा, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी चाचपायची, थर्मामीटर लावायचा आणि आकडा वाचताना एवढे लक्षात ठेवायचे की १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचे नेहमीचेच तापमान आहे. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि पुढच्या तासाभरात काय करायचे ते याच मिनिटांत ठरते.

उपचारातही क्रम तोच. शॉकमध्ये गेलेल्या कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते २० मिलिलीटर सलाईन पंधरा-वीस मिनिटांत देतात आणि मग पुन्हा ओठ उचलतात, पुन्हा नाडी पाहतात. रंग परतला नसेल तर पुन्हा तेवढेच. मांजराला मात्रा बरीच कमी, कारण त्याच्या शरीरात किलोमागे रक्तच कमी असते आणि जास्तीचे पाणी फुप्फुसात उतरायला वेळ लागत नाही. सलाईनची बाटली टांगून दुसऱ्या कामाला निघून जाणे हा अर्धवट उपचार झाला. पुन्हा पाहणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्यासाठी माणूस मोकळा असावा लागतो. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याने जखमींना हुद्द्याप्रमाणे न घेता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे घ्यायचा पायंडा पाडला, त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. निवाऱ्यात हुद्दे नसतात, पण त्यांच्या जागी दुसऱ्या गोष्टी येतात: जोरात ओरडणारे जनावर आधी घेतले जाते, देणगीदाराने आणलेले आधी घेतले जाते, गोंडस पिल्लू आधी घेतले जाते. कोपऱ्यात मुकाट पडलेले, डोळे अर्धे मिटलेले कुत्रे बहुधा सर्वांत धोक्यात असते.

क्रम ठरवून, शिकवून घ्यावा लागतो याचे कारण असे की निव्वळ कळवळा इथे पुष्कळदा उलटे सुचवतो. पावसाळ्यात आईविना, ओली, गारठलेली पिल्ले पोत्यात गुंडाळून आणली जातात आणि पहिला हात दुधाच्या वाटीकडे जातो. पण अंगाचे तापमान ९४-९५ अंशांच्या खाली गेलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. दूध पचत नाही, पोटात फुगते, गिळण्याची ताकद नसल्याने श्वासनळीत जाते. आधी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांनी सावकाश ऊब द्यायची, हिरड्यांवर थोडे ग्लुकोज चोळायचे आणि अंग गरम झाल्यावरच पाजायचे. दुसरे उदाहरण याहून भयंकर आहे. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, त्याला गिळता येत नाही, आणि पाहणारा म्हणतो की घशात हाड अडकले. हाड अडकलेलेही असू शकते. पण मुक्या प्रकारच्या रेबीजमध्ये नेमके हेच दिसते. तिथे कुत्रे अंगावर धावून येत नाही, गप्प बसलेले असते, आणि मदतीसाठी तोंडात घातलेला उघडा हात माणसाच्या जिवावर बेततो. म्हणून लस न झालेल्या, चेतासंस्थेची लक्षणे दाखवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजचा संशयित धरायचे, आणि निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने, झाडूवाल्यापासून विश्वस्तापर्यंत, कामाला लागण्याआधीच प्रतिबंधक लस घेतलेली असायची. तिसरे उदाहरण घरच्या औषधांच्या डब्यातले. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. तिने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि हिरड्या तपकिरी पडतात. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. गुरांना सर्रास टोचल्या गेलेल्या डायक्लोफिनॅकने तर भारतातली गिधाडे जवळजवळ संपवली; ते औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पडत, आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत फार उशीर झाला होता. वेदनाशमन हवेच, पण कोणते, किती आणि कोणाला, हे पशुवैद्यकानेच ठरवायचे.

आता जागेचा हिशेब. निवाऱ्यातल्या एका कुत्र्या-मांजरामागे रोज किमान १५ मिनिटे फक्त साफसफाई आणि खाण्यापिण्यासाठी धरावीत, असा अमेरिकेतल्या प्राणी-संस्थांचा एक जुना ठोकताळा आहे. तो आपल्याकडच्या शेडला लावून पाहा. शंभर कुत्री म्हणजे १,५०० मिनिटे, म्हणजे २५ तास. आठ तासांच्या पाळीने तीन माणसे दिवसभर दुसरे काहीही न करता फक्त पिंजरे धुण्यात आणि भांडी भरण्यात जातात. त्यात ड्रेसिंग नाही, गोळ्या नाहीत, फोन नाहीत, गाडी घेऊन जाणे नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शंभराच्या दीडपट-दुप्पट जनावरे असतात आणि माणसे तीनच असतात. अशा ठिकाणी रात्री आठ वाजता कानामागे अळ्या पडलेले कुत्रे आले तर काय होते? केस भादरायचे, जखम धुऊन काढायची, चिमट्याने एकेक अळी वेचायची, खोल गेलेल्या अळ्या बाहेर याव्यात म्हणून औषध सोडायचे, पुन्हा धुवायची; आणि हे सगळे वेदनाशामक देऊन, तोंड पट्टीने बांधून, धरायला दुसरा माणूस घेऊन. तासभराचे काम आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते, कारण माशीने घातलेली अंडी दिवसाच्या आत फुटतात. ज्या तीन माणसांनी दिवसभर शंभर पिंजरे धुतले, त्यांच्याकडून हा तास कसा निघणार? औषध कपाटात असते, हात शिल्लक नसतात.

दाटीचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. साधारण १९७८ मध्ये जगभर पसरलेला पार्व्हो हा पिल्लांचा कर्दनकाळ. रक्ती हगवण आणि उलट्या यांनी अंगातले पाणी जाते. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात, वेळेवर मिळाल्यास बहुतेक वाचतात. त्याचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर कित्येक महिने टिकतो. रोजच्या फिनेलने तो मरत नाही. आधी विष्ठा-घाण पूर्ण काढून, धुऊन, मग पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने तो जागा सोडतो. अशी पिल्ले ज्या शेडमध्ये ठेवायला वेगळी खोली नाही, तिथे मोडक्या पायासाठी आणलेले निरोगी पिल्लू पाय जुळण्याआधी पार्व्होने जाते. म्हणजे आपण ज्याला वाचवायला आणले त्याला आपणच आजार दिला. दाराशीच लस टोचणे, आजारी आणि निरोगी यांच्यात भिंत, दोघांसाठी वेगळी भांडी आणि वेगळा माणूस, निदान कामाचा ठरलेला क्रम, म्हणजे निरोगी पिल्ले आधी आणि आजारी शेवटी: या गोष्टी रोजच्या आणि कंटाळवाण्या वाटतात. तातडीची सेवा त्यांच्यावरच उभी आहे. आणि त्या सगळ्यांना मोकळी जागा लागते. ज्या निवाऱ्यात आज रात्री एकही पिंजरा रिकामा नाही, त्या निवाऱ्यात आज रात्री तातडीची सेवा नाही, मग शस्त्रक्रियेची खोली कितीही चकचकीत असो.

यावर पहिला आक्षेप सरळ काळजातून येतो: पिंजरा रिकामा ठेवायचा म्हणजे दारातल्या कोणाला तरी परत पाठवायचे, आणि मग हा निवारा कसला? आक्षेप रास्त आहे, पण उपचार म्हणजे दाखल करून घेणे हे त्याने गृहीत धरले आहे. ते गृहीत बरोबर नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख भरली; त्यांना छप्पर देणे कोणत्याही ट्रस्टच्या, कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नाही. भटक्या कुत्र्याला स्वतःची हद्द असते, खायला घालणारी माणसे असतात, आणि निर्बीजीकरणानंतर त्याला मूळ जागीच सोडायचे हे २००१ च्या नियमांचे आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांचेही सूत्र आहे. उपचारालाही तेच लावता येते. खरचटलेले, खरूज झालेले, साध्या जखमेचे कुत्रे जागच्या जागी किंवा बाह्यरुग्ण म्हणून बरे होऊ शकते, रोज गोळी घालणारे कोणी असेल तर. पार्व्होसारख्या आजारातही हे तपासले गेले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी पार्व्होच्या कुत्र्यांचे दोन गट करून पाहिले: रुग्णालयात ठेवलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, आणि सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन मग कातडीखाली सलाईन व इंजेक्शने अशा बाह्यरुग्ण पद्धतीने हाताळलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के. त्यांच्या बाह्यरुग्ण गटाची देखरेख काटेकोर होती, हे विसरता कामा नये, आणि आकड्यांत दहा टक्क्यांचा फरक दिसतो. पण आपल्याकडे निवड ९० आणि ८० यांतली नसते. भरलेल्या शेडमध्ये दाखल करणे आणि पाच पिल्लांना लागण होऊ देणे, किंवा सांभाळणाऱ्या माणसाला सलाईन कातडीखाली द्यायला शिकवून रोज आणायला सांगणे, यांतली असते. दुसऱ्या वाटेने पिंजरा त्या कुत्र्यासाठी मोकळा राहतो ज्याला खरोखर रात्रभर ऑक्सिजन लागणार आहे.

दुसरा आक्षेप पांजरपोळीच्या परंपरेतून येतो आणि तो आदराने ऐकला पाहिजे. वाचणार नाही असे दिसले तरी प्राण घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मानणारी माणसे या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याच पैशावर, त्यांच्याच सेवेवर अनेक निवारे उभे आहेत. मला वाटते इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. अपंगत्व हे मरणाचे कारण होऊ शकत नाही. तीन पायांचे कुत्रे उत्तम धावते, आंधळे कुत्रे वासावर घर ओळखते, मागचा भाग लुळा पडलेले कुत्रेही मूत्राशय वेळेवर रिकामे करणारा माणूस असेल तर समाधानाने जगू शकते. पण डिस्टेंपर या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात तासातासाला झटके येणारे, किंवा चाकाखाली कंबर चिरडून आतडी बाहेर आलेले कुत्रे वेगळे. त्याच्याजवळ बसून राहणे ही सेवा वाटते, आणि तेवढ्या काळात त्याला भोगावे लागते ते आपल्याला भोगावे लागत नाही. २०२३ च्या नियमांनी असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यांना पात्र पशुवैद्यकाकडून, सोडियम पेंटोबार्बिटल देऊन, वेदनारहित मरण देण्याची सोय ठेवली आहे. त्याची नोंद करावी लागते आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर ते करायचे नसते. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यावर ते लादता येणार नाही. मात्र त्यांनाही पुरेशा मात्रेचे वेदनाशमन चालू ठेवण्याची जबाबदारी टाळता येत नाही, आणि निर्णय काहीही असो, तो आल्यापासून काही तासांत व्हायला हवा. निर्णयच न घेतल्यामुळे चार दिवस विव्हळत पडलेले जनावर कोणत्याच परंपरेला शोभत नाही.

माणसांना दवाखाना मिळत नाही तिथे कुत्र्यांवर खर्च कशाला, या तिसऱ्या आक्षेपाला गोव्याकडे बोट दाखवावेसे वाटते. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने काही वर्षे राज्यभर कुत्री जाळ्याने पकडून, जागीच लस टोचून, जागीच सोडण्याची मोहीम चालवली. जोडीला संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी आणि लगेच पोचणारे पथक ठेवले. पिसाळल्यासारख्या दिसणाऱ्या कुत्र्याकडे धावून जाणारे हे पथक म्हणजे प्राण्यांची तातडीची सेवाच होती, आणि तिने मिळवलेल्या नमुन्यांवरून विषाणू कुठे उरला आहे ते कळत गेले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. तिथे वाचलेले जीव माणसांचे होते, त्यांतही कुत्र्यांशी खेळणाऱ्या लहान मुलांचे.

राहता राहिला प्रश्न हे करायचे कोणी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे आणि पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली मर्यादित कामे करता येतात. हे बंधन योग्यच आहे. पण हिरडी पाहणे, श्वास मोजणे, वाहते रक्त दाबून धरणे, गारठलेल्याला ऊब देणे, उष्माघाताच्या कुत्र्यावर बर्फ न टाकता नळाचे पाणी ओतून पंखा लावणे आणि १०३ अंशांवर थांबणे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला शिकवता येते आणि कायद्याला त्यात हरकत नाही. फुगलेल्या गायीच्या डाव्या भकाळीत सुई घालण्याचे काम त्याने करू नये, पण डावी भकाळी ढोलासारखी वाजते आहे आणि गाय तोंड उघडून श्वास घेते आहे, एवढे डॉक्टरांना फोनवर बिनचूक सांगता आले तरी ते किती मिनिटांत निघतील यात फरक पडतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, पण रात्रीची भिस्त त्याच्यावर ठेवून चालत नाही. रात्री निवाऱ्यात एक शिकलेला माणूस जागा हवा आणि फोन उचलणारा एक पशुवैद्यक ठरलेला हवा.

अडते ते पैशाच्या वाटणीत. महापालिका संस्थांना पैसे देतात ते बहुधा दर निर्बीजीकरण शस्त्रक्रियेमागे; रात्रीच्या पाळीला, ऑक्सिजनच्या सिलिंडरला, न वापरलेल्या पिंजऱ्याला त्या हिशेबात रकाना नसतो. देणगीदार पैसे देतो ते एखाद्या वाचलेल्या कुत्र्याचा फोटो पाहून, आणि तो फोटो जितका करुण तितकी देणगी मोठी, म्हणून संस्थाही आणखी एक जनावर आत घेतात. महापालिकेने करारात रात्रपाळीच्या पशुवैद्यकासाठी ठरावीक मासिक रक्कम आणि शेडच्या क्षमतेच्या निदान दहावा हिस्सा रिकामा ठेवण्याची अट घातली, तर हे चक्र थोडे सैल होईल. आणि देणगी देणाऱ्याने संस्थेला भेट दिली तर आतापर्यंत किती जनावरे वाचवली हा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: आज रात्री इथे कोण जागे राहणार आहे, आणि या घटकेला किती पिंजरे रिकामे आहेत.